मोडीचा भाव आणि वस्तूचं मोल

पुण्याचा जुना बाजार आठवड्यातून दोनदा भरतो, बुधवारी आणि रविवारी. मंगळवार पेठेत रस्त्याच्या कडेनं सकाळीच ताडपत्र्या पडतात आणि शहरातल्या घरांनी नको म्हणून बाहेर काढलेलं सगळं त्यांवर मांडलं जातं. पान्हे, पकडी, नळाच्या तोट्या, मोबाइलचे चार्जर, बंद पडलेली एचएमटीची घड्याळं, रोल घालायचे कॅमेरे, वातीचे स्टोव्ह. त्यातच कुठे तरी पितळेची समई असते, गंजलेला अडकित्ता असतो, तांब्याचं घंगाळ असतं. बाजार चालतो तो मुख्यतः कामाच्या मालावर. गवंड्याला, फिटरला, नुकतं बिऱ्हाड थाटलेल्या माणसाला इथे स्वस्तात हत्यारं आणि भांडी मिळतात. पण ढिगापाशी उकिडवी बसलेली काही माणसं वेगळी असतात. ती आधी भाव विचारत नाहीत. वस्तू उचलतात, उलटी करतात, बुडाशी अंगठा फिरवतात आणि मगच विक्रेत्याकडे बघतात.

मुंबईत अशी माणसं चोर बाजारात, मटण स्ट्रीटच्या दुकानांत दिसतात. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. जुनं सागवानी फर्निचर हवं असणारे जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे वळतात. सगळीकडे ओढ एकच असते: कवडीमोलानं पडलेल्या मालात एखादी अस्सल, जुनी, दुर्मीळ वस्तू हाती लागावी.

असं घडतं का? घडतं. पण ते कशामुळे घडतं आणि आपल्याकडे बहुतेक वेळा का घडत नाही, हे समजून घ्यायचं तर वस्तू या ताडपत्रीवर कोणत्या वाटेनं येते ते आधी पाहायला हवं.

माळ्यावरून भट्टीकडे

मराठी घरांतून पितळ गेलं ते स्टेनलेस स्टील आल्यावर. स्टीलला कल्हई लागत नाही, आंबट चालतं, घासायला सोपं. घरातल्या बाईचे कष्ट त्यानं खरोखर वाचवले. पितळेची पातेली, गंज, कळशा, डबे माळ्यावर गेले. पुढे वाडे पाडून सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माळाही उरला नाही. मग मोड घेणारा आला. त्याच्या तराजूला समई आणि नळाची तोटी सारखीच. दोन्ही पितळ, दोन्ही किलोवर. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण आली. खरी जर असलेल्या साड्या विकत घेणारेही दारावर येत. त्या साड्या पुढे जाळल्या जात आणि राखेतून चांदी काढली जात. एखाद्या पैठणीचा पदर विणायला कारागिराला महिने लागले असतील; हिशेब झाला तो जरीच्या वजनाचा.

मोडीत गेलेल्या मालातलं बहुतेक सगळं भट्टीत जातं. वाटेत एखाद्या भंगारवाल्याचा हात थबकला तर ती वस्तू बाजूला निघते आणि जुन्या बाजारात येते. तिथून दलाल, दलालाकडून मुंबईचं किंवा परगावचं दुकान, तिथून एखाद्या हॉटेलची लॉबी किंवा हौशी माणसाचा दिवाणखाना. प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि प्रत्येक पायरीवर एक गोष्ट गळून पडते: ती वस्तू कुणाची होती, कुठल्या गावची, कशासाठी केलेली.

जुन्या बाजारात एका समईपाशी मी विक्रेत्याला विचारलं, “कुठून आली ही?” तो म्हणाला, “वाड्यातनं आलीये ताई, पेशवाईतली.” शेजारच्या ताडपत्रीवरची समईही पेशवाईतलीच निघाली. यात त्यांचा दोष धरावा असं मला वाटत नाही. त्यांना माल देणाऱ्यानं काही सांगितलेलं नसतं, आणि ज्या घरानं ती समई दिली त्या घराला कुणी विचारलेलं नसतं.

चष्म्याच्या दुकानातला माणूस

वस्तू कुणाची, कुठली, हे विचारणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. इतिहासाच्या ओढीनं १९२० च्या सुमारास ते जुन्या वस्तू जमवू लागले आणि पुढची सुमारे सत्तर वर्षं, १९९० मध्ये निधन होईपर्यंत, ते याच कामात राहिले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि वडिलांनी सगळा संग्रह त्याच्या नावानं उभा केला. १९६२ मध्ये त्यांनी तो महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागा अपुरी असल्यामुळे त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो.

केळकरांचं मोठेपण त्यांनी काय उचललं यात आहे. त्या काळी संग्रह म्हटला की तलवारी, नाणी, राजेरजवाड्यांची चित्रं. केळकरांनी कात्र्या, कुलपं, दौती, पानपुडे, सोंगट्या, लाटणी, किसण्या, साचे, दिवे उचलले. स्वयंपाकघरातल्या, न्हाणीघरातल्या, माजघरातल्या वस्तू. त्यांची किंमत ना विकणाऱ्याला माहीत होती ना बाजाराला, कारण तोवर कुणी त्यांच्याकडे कला म्हणून पाहिलंच नव्हतं. पैठणची चित्रकथींची चित्रं त्यांनी मिळवली. बाजीरावानं मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून संग्रहालयात उभे केले. दिव्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

संग्रहालयातल्या वज्रीच पाहा. अंघोळीच्या वेळी टाचा घासायचं हे साधन. तळाची बाजू खरबरीत, वर धरायला मूठ. मूठ साधी गोल असती तरी काम भागलं असतं. पण ओतकाम करणाऱ्यानं तिथे पक्षी बसवला, प्राणी बसवला, कुठे माणसाची आकृती घडवली. काही वज्रींच्या पोटात खडे ठेवलेले असतात, टाच घासताना त्या छुमछुम वाजतात. ज्या समाजानं टाच घासायच्या वस्तूतही नाद घातला, त्याची सौंदर्यदृष्टी तलवारीच्या मुठीवरून कळणार नाही, ती इथे कळते. मोडीच्या तराजूत अशा वज्रीला मोल आलं असतं ते फक्त वजनाचं.

केळकरांच्या आधी इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी कागदांच्या बाबतीत हेच केलं. वाईला मिळालेल्या पत्रांवरून त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड छापला, आणि पानिपतच्या आधीच्या दशकाचा इतिहास मूळ पत्रांतून वाचता आला. घरांतून पडलेली दप्तरं वाळवी आणि रद्दी यांच्या तोंडातून काढण्यासाठी ते गावोगाव पायपीट करत राहिले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते याच ध्यासातून.

तीन डॉलरची वाटी, पस्तीस डॉलरचं डोकं

पाश्चात्त्य देशांत जुन्या वस्तूंच्या बाजाराची रीत निराळी आहे. लोक नको असलेलं सामान धर्मादाय दुकानांना दान देतात किंवा अंगणात मांडून विकतात. तिथल्या काही घटना जगभर गाजल्या, आणि त्या आपल्यालाही शिकवून जातात.

२००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबानं अशाच अंगणातल्या विक्रीत तीन डॉलरला एक पांढरी वाटी घेतली आणि दिवाणखान्यात शेकोटीच्या फळीवर ठेवून दिली. वाटी जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर रुंदीची. ती चीनच्या उत्तर सोंग राजवटीतली, सुमारे हजार वर्षांपूर्वीची ‘डिंग’ प्रकारची निघाली. २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात तिला बावीस लाख डॉलरहून अधिक किंमत आली. ती ओळखता आली याचं एक कारण असं, की तिच्यासारखी, जवळपास त्याच नक्षीची दुसरी वाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नोंद होऊन, अभ्यास होऊन कित्येक दशकं ठेवलेली होती. एक वाटी कुणी तरी जपली, म्हणून दुसरीची ओळख पटली.

दुसरी घटना टेक्ससमधल्या ऑस्टिनची. २०१८ मध्ये जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका बाईला तिथल्या गुडविल या धर्मादाय दुकानात टेबलाखाली, जमिनीवर एक संगमरवरी शिर दिसलं. गालावर किमतीची चिठ्ठी: ३४ डॉलर ९९ सेंट. वजन तेवीस किलोच्या वर. तिनं ते विकत घेतलं आणि गाडीच्या सीटवर बेल्ट लावून घरी नेलं. मग लिलावगृहांकडे विचारणा सुरू केली. ते दोन हजार वर्षांपूर्वीचं अस्सल रोमन शिल्प असल्याचा निर्वाळा मिळाला. पुढचा शोध सदबीजच्या एका जाणकारानं लावला. १९३० च्या दशकातल्या एका जुन्या छायाचित्रात हेच शिर होतं, जर्मनीतल्या आशाफेनबुर्ग गावच्या पोम्पेयानुममध्ये. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला यानं पॉम्पेईतल्या एका घराच्या धर्तीवर १८४० च्या दशकात ही वास्तू बांधली होती. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर बॉम्ब पडले आणि नंतर हे शिर नाहीसं झालं. बहुधा एखाद्या अमेरिकी सैनिकाबरोबर ते समुद्रापार गेलं असावं.

म्हणजे वस्तू अमूल्य होती, पण घेणारीची नव्हती. जर्मनीनं मालकी कधी सोडलेली नव्हती, त्यामुळे ते विकता येणार नव्हतं. तिनं बव्हेरियाच्या प्रशासनाशी करार केला. २०२२ च्या मे महिन्यापासून वर्षभर सॅन अँटोनिओच्या कलासंग्रहालयात लोकांनी ते पाहिलं, आणि मग शिर जर्मनीला परतलं. लिलावाची लॉटरी तिला लागली नाही. पण जवळजवळ ऐंशी वर्षं हरवलेल्या वस्तूला घर परत मिळालं ते तिनं घाईनं विकून मोकळं न होता विचारपूस केली म्हणून.

फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या छोट्या निसर्गचित्राची गोष्टही याच वळणाची. वेस्ट व्हर्जिनियातल्या जुन्या बाजारात सात डॉलरला मिळालं, असं सांगत एका बाईनं ते २०१२ मध्ये लिलावाला काढलं. एका वार्ताहरानं बाल्टिमोरच्या संग्रहालयाची जुनी कागदपत्रं चाळली तेव्हा ते चित्र एकेकाळी तिथे ठेवलेलं असल्याचं दिसलं. मग संग्रहालयालाही आपल्याकडची नोंद सापडली: १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये चित्र चोरीला गेलं होतं. २०१४ मध्ये न्यायालयानं ते संग्रहालयाला परत दिलं.

या तिन्ही घटनांत निकाल लावला तो नोंदीनं. संग्रहालयातली जोडवाटी, एक जुनं छायाचित्र, चोरीची एक ओळ. यातलं काहीच नसतं तर वाटी चिल्लर ठेवायची झाली असती आणि ते रोमन शिर कुणाच्या तरी बागेत कुंडीशेजारी बसलं असतं.

हातात घेऊन बघताना

जुन्या बाजारातले मुरलेले लोक वस्तू कशी पाहतात ते शेजारी बसून शिकण्यासारखं असतं. अडकित्ता घ्या. आधी बघायचं ते पातं. रोजच्या वापरातलं पातं वर्षानुवर्षं धार लावून मधोमध खोलगट झालेलं असतं. मग दोन दांड्यांना जोडणारा खिळा. जुना असेल तर तो हातानं ठोकून बसवलेला, डोकं थोडं वेडंवाकडं. मग दांड्या. पोपट, मोर, घोडा असं काही असेल तर जिथे बोटं पडतात तिथली नक्षी पुसट आणि बेचक्यातली ठळक हवी. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती आम्लात बुडवून आणलेली, हे ओळखायचं.

तांब्याचं भांडं असेल तर सांधा शोधायचा. जुने हंडे, बंब पत्र्याचे तुकडे जोडून घडवत. एका पत्र्याची कड दात्यांसारखी कापून दुसऱ्यात अडकवायची आणि वर डाख द्यायचा. तांबड्या अंगावर ती पिवळसर दातेरी रेघ नीट बघितली तर दिसते. अंगभर ठोक्यांचे बारीक चट्टे असतात. एका ठशात दाबून काढलेल्या नव्या भांड्याला यातलं काही नसतं. आणि एक पथ्य जाणकार कटाक्षानं पाळतात: वस्तू चिंच-मीठ लावून लखलखीत घासायची नाही. वर्षांनी आलेला राप एकदा गेला की परत येत नाही.

सगळ्यात मोलाची खूण मात्र आपण रोज पाहूनही वाचत नाही. मराठी घरांत भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणाला दिलेल्या तांब्यावर, ताटावर, परातीवर छिन्नीनं ठिपके पाडून देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तिथी कोरलेली असते. शक दिला असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतं. शके १८४५ म्हणजे १९२३. जुन्या बाजारातल्या ढिगात अशी नावं डझनांनी सापडतात. गिऱ्हाईक ती बघून नाक मुरडतं, कारण दुसऱ्याचं नाव आपल्या घरात नको असतं. म्हणून काही जण ती घासून काढतात. त्या ठिपक्यांत एका घराचं सोयरिकीचं नातं, एका गावचं ओतकाम आणि एक तारीख एकत्र टिकलेली असते. युरोपातल्या शिल्पाला जे काम जुन्या छायाचित्रानं करून दिलं, तेच काम आपल्या परातीवर ते ठिपके करतात.

फसवणुकीचा मालही याच बाजारांत असतो. ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून विकलं जाणारं, राम-सीता-लक्ष्मणांचं चित्र असलेलं नाणं कंपनीनं कधीच पाडलं नव्हतं. ते तांदूळ खेचतं आणि म्हणून त्याला कोटींचा भाव आहे, अशा थापांना बळी पडून लोकांनी आयुष्याची पुंजी घालवली आहे. चकचकीत पितळी भोंग्याचे ‘जुने’ ग्रामोफोन सुट्या भागांतून आजही जोडले जातात. शिवराई अस्सल असली तरी दर वेळी दुर्मीळ नसते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ असलेलं हे तांब्याचं नाणं दीर्घकाळ चलनात राहिलं, त्यामुळे ते बरंच सापडतं. जुनी नोट, जुनं नाणं लाखात घेतो असं सांगून आधी कमिशन मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. आपल्या नावानं असे व्यवहार करण्याचा अधिकार बँकेनं कुणालाही दिलेला नाही.

कायद्याची बाजू

वस्तू जुनी निघाली की आनंदाबरोबर जबाबदारीही येते. पुरावस्तूंबाबतचा केंद्रीय कायदा १९७२ चा, अमलात आला १९७६ मध्ये. त्यानुसार शंभर वर्षं जुनी नाणी, शिल्पं, चित्रं, कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. शास्त्र, इतिहास किंवा साहित्य यांच्या दृष्टीनं मोलाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. दगडाच्या, धातूच्या, लाकडाच्या जुन्या मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या लेकीसाठी आजीच्या देवघरातली जुनी मूर्ती बॅगेत टाकण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं. जमिनीत पुरलेलं काही सापडलं, तर १८७८ चा कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मूर्तींच्या बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवं. २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथल्या मंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या आणि पुढे पोलिसांनी त्या परत मिळवल्या. बाजारात स्वस्तात दिसणारी मूर्ती कुणाच्या गाभाऱ्यातून उचललेली असू शकते. ती कुठून आली याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर ती घेऊ नये. कितीही देखणी असो.

शेवटचा जाणकार

आपल्याकडे अशी वस्तू सापडून गाजली, असं क्वचितच ऐकू येतं. ऐवज कमी आहे म्हणून नव्हे. या मातीत शतकानुशतकं ओतारी, तांबट, कासार, सुतार, विणकर राबले आहेत. पण त्यांच्या कामाची तुलना करायला नोंदी नाहीत. कुठल्या गावची समई कशी असे, कुठल्या तांबटाचा हंडा कसा ओळखावा, हे सांगणारी माणसं जात चालली आहेत आणि वस्तू त्यांच्याही आधी भट्टीत जात आहेत. केळकर एकटे होते. एका माणसानं सत्तर वर्षांत वीस हजार वस्तू वाचवल्या, तर तेवढ्याच काळात किती वितळल्या असतील?

म्हणून माझं सांगणं बाजारात जाणाऱ्यांपेक्षा वस्तू घराबाहेर काढणाऱ्यांना आहे. जुन्या वस्तूची सगळी हकीकत माहीत असलेला शेवटचा जाणकार दुकानात नसतो, तो घरात असतो. ही परात कुणाच्या लग्नातली, हा पाळणा कुठल्या सुतारानं केला, ही पोथी कोणत्या गावाहून आली, हे आजीला, मामाला, थोरल्या आत्याला ठाऊक असतं. दिवाळीच्या आवराआवरीत माळा रिकामा होतो, तेव्हा विकू नका असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाला सगळं सांभाळता येत नाही, आणि घरात माणसांना राहायला जागा लागते. पण देण्याआधी तासभर काढा. वस्तूचा फोटो घ्या, वरून, खालून, नावासकट. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते कागदावर लिहा: कुणाची, कुठली, केव्हाची, कशासाठी. एक प्रत घरी ठेवा, एक वस्तूबरोबर द्या. जुने कागद, पोथ्या, मोडी लिपीतली दप्तरं रद्दीत टाकण्याआधी जवळच्या इतिहास मंडळाला किंवा संग्रहालयाला दाखवा. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत आणि त्यांना असं काही दाखवलं की आनंदच होतो.

बाजारातून घेणाऱ्यांनीही तेवढंच करावं. विक्रेत्याला विचारा, मिळेल ते उत्तर तारखेसह टिपून ठेवा, भांड्यावरचं नाव राहू द्या. उद्या ती वस्तू तुमच्याकडून आणखी कुणाकडे जाईल. तेव्हा तिच्याबरोबर चार ओळींचा कागद असेल, तर तराजूत टाकण्याआधी तो कुणी तरी वाचेल. आपल्या घरांतल्या कारागिरीला आज एवढ्याच आधाराची गरज आहे, आणि तो देणं आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे.